जन्मतारीख १ जून

वडिलांनी आम्हा भावंडांना दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. उधारीवर कापड घ्यायचं नाही आणि कुणाला जामीन राहायचं नाही. पहिली मी लग्नाच्या बस्त्यातच मोडली. दुसरी मात्र एकसष्ट वर्षं पाळली, आणि ती पाळणं मला जड गेलं नाही, कारण नोकरीच एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात केली. जामीन राहिलेल्या माणसाचं काय होतं ते मी काउंटरच्या आतल्या बाजूनं अठ्ठावीस वर्षं बघितलं. कर्ज घेणारा पसार झालेला असायचा आणि एका चहावर सही करून गेलेला त्याचा साडू नोटीस हातात धरून समोर उभा असायचा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की जामीनदाराच्या पगारालाही हात घालता येतो. त्या दाखल्यांची किती पाकिटं मी डिंक लावून चिकटवली असतील, मोजदाद नाही.

कर्जाला लागतो तोही जामीन आणि कोठडीतून सुटायला लागतो तोही जामीनच. दोन्हीकडे शब्द एकच आहे हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आलं ते २०२४ च्या भाऊबीजेनंतर, भांडी घासण्याच्या आवाजात.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई ठाण्यातल्या लोकमान्यनगरहून येते. नौपाड्यात तिची चार घरं. तिचा थोरला मुलगा आमच्या इमारतीत पाण्याचे जार पोचवायचा. वीस लिटरचा जार खांद्यावर, लिफ्ट बंद असली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात, आणि हात मोकळे नसल्यानं दारावर कोपरानं टकटक. सप्टेंबरात ती टकटक बंद झाली आणि दुसराच कुणी मुलगा बेल वाजवू लागला. मी विचारलं तर ती म्हणाली, गावाला गेलाय. तिचेही खाडे वाढले होते. भावाला बरं नाही, म्हणायची. महिन्यात दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, असा आमच्या इमारतीतला न लिहिलेला नियम आहे. त्याप्रमाणे मी सप्टेंबरात तिचे तीन दिवस कापले, ऑक्टोबरात दोन. तिनं पैसे मोजले, कमरेला खोचले आणि गेली.

भाऊबीजेनंतर एक दिवस भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, “ताई, ऐपतीचा दाखला कुठं मिळतो?”

मला वाटलं, कर्ज काढतेय. म्हटलं, कशाला हवाय? तर नळ बंद करून तशीच उभी राहिली. “तुम्ही बँकेत होता म्हणून इचारलं,” म्हणाली, आणि मग सगळं बाहेर आलं.

दहीहंडी होऊन तीन-चार दिवस झाले होते. रात्रीची वेळ, स्कूटरवर दोन पोरं. रिक्षात बसलेल्या एका माणसाच्या हातातला मोबाइल हिसकावला गेला आणि पुढच्या चौकात दोघं सापडली. चालवणारा तिच्या मुलाचा मित्र, मागे बसलेला हा. मोबाइल कुणी ओढला, कशासाठी ओढला, मुलगा काय सांगतो, पोलीस काय सांगतात, यातलं मी इथं काही लिहिणार नाही. एक तर खटला चालू आहे. आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय त्याला ते लागत नाही.

मित्र सतरा वर्षांचा. ठाणे जिल्ह्याचं मुलांचं निरीक्षणगृह भिवंडीला आहे, त्याला तिकडे नेलं. बाल न्याय मंडळासमोर उभं केलं. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असलीच पाहिजे, असं हे मंडळ असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला जामिनावर घरी पाठवायचं हाच नियम, आणि अडवायचं तर कारण लिहावं लागतं. तो आठवड्याभरात घरी आला. वर्तमानपत्रात त्याचं नाव छापणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे छापलं गेलं नाही. पुढे कधी नोकरीच्या आड हे येऊ नये म्हणून मंडळाकडची कागदपत्रंही ठरावीक काळानं नष्ट करायची तरतूद आहे.

हा मात्र अठरा वर्षं तीन महिन्यांचा. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, मग जेल. पेपरात पूर्ण नाव, पुढे कंसात १८, शिवाय लोकमान्यनगरातला पाडा.

हे तीन महिने आले कुठून, ते बघा. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून २००६. महाराष्ट्रात माझ्या आगेमागे शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या वर्गात १ जूनला जन्मलेली निम्मी पोरं निघतील. जूनमध्ये नाव घालायचं, वय भरायला हवं आणि आईला तारीख सांगता येत नाही, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. मी त्याच्या आईला विचारलं, खरा कधीचा गं? ती न अडखळता म्हणाली, “सव्वीस जुलैचा पाऊस झाला ना ठाण्यात, ह्याचे पप्पा इथं अडकून पडले होते, त्याच्या पुढच्या साली. गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवशी. गावभर गुलाल पडलेला होता.”

सव्वीस जुलै म्हणजे २००५. पुढच्या साली, २००६ मध्ये, अनंत चतुर्दशी होती ६ सप्टेंबरला. म्हणजे पोराचा जन्म ७ सप्टेंबरचा. ती स्कूटरवरची रात्र ३० ऑगस्टची. मी दोनदा बोटांवर मोजलं आणि मग कॅलेंडर काढून मोजलं. आईचा हिशेब धरला तर त्या रात्री मुलगा अठराला आठ दिवस कमी होता.

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं वकील केला होता, कोर्टाच्या बाहेर काळा कोट बघून. बचतगटातून बारा हजार उचलून त्याला दिले होते. त्यानं जामिनाचा अर्ज केला, तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंजूरही झाला, आणि तिथून पुढे त्याचा फोन लागेना. अटकेत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिथं उत्पन्नसुद्धा बघत नाहीत, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. पण हे तिला कुणी सांगितलं असतं तरी तिनं नको म्हटलं असतं. फुकटच्या वकिलावर आपला विश्वास नसतो. मला तरी कुठे होता?

मंजूर झालेला जामीन पंधरा हजारांच्या जातमुचलक्याचा, म्हणजे आरोपीनं स्वतः लिहून द्यायच्या हमीचा, होता, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. पंधरा हजार रुपये भरायचे नव्हते. ज्याच्याकडे ते आहेत असा माणूस उभा करायचा होता. तिच्या भावाची जालना जिल्ह्यात दोन एकर कोरडवाहू आहे. तो सातबारा घेऊन आला तर बाहेर कुणीतरी सांगितलं, बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाही. तो आल्या पावली परत गेला. असा हट्ट धरू नये असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या खटल्यात सांगितलंय. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या भावाची जामीनकी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा जे सुनावलं ते वाचताना आजही मजा येते. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयानं आणखी बारकाईनं सांगितलं: जामिनाची प्रत ई-मेलनं जेलला पाठवा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करता येतील का ते कोर्टानं आपणहून बघावं. यातलं आमच्या पोराच्या वाट्याला काय आलं? जामीन मंजूर झाल्यावर सात आठवडे तो आतच होता.

अटकेपासूनचे हे आठवडे म्हणजे मी कापलेले ते पाच खाडे. तारखा आणि मुलाखती.

घरात विषय काढला तेव्हा आमचे हे म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं जामीनदारांकडून वसुली केलीस, आणि आता स्वतः राहणार?” चेष्टाच होती, पण रात्रभर झोप लागली नाही. वडील आठवत राहिले. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ‘मी राहते’ म्हणणंसुद्धा पुरत नाही. रेशनकार्ड, आधार, पॅन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची चालू पावती, दोन फोटो आणि एक प्रतिज्ञापत्र. ऐपतीच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत चौकशीला गेले. ठाणेकराला त्या बाजूला जायचं म्हटलं की मिसळच आठवते. चाळीस वर्षांत मी शेकडो वेळा तिथं गेले असेन, तर्रीसाठी. शेजारच्या कचेरीत कोण कशासाठी रांग लावतं ते कधी बघितलं नव्हतं. शेवटी माझी घरपट्टीची पावती आणि शेअर सर्टिफिकेट पुरलं, दाखला लागलाच नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यानं काढली त्याच्याकडे बहुधा घरपट्टीची पावती होती.

कोर्टाच्या आवारात दोघंजण येऊन हळूच विचारून गेले, जामीनदार पाहिजे का. भाड्याचा. कागदपत्रं सगळी तयार, दर ठरलेला. हा धंदा चालतो कारण गरज खरी आहे; मला त्यांचा राग आला नाही.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. माझ्या प्रतिज्ञापत्रात एक रकाना होता: याआधी किती आरोपींना जामीन राहिलात? शून्य. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“आरोपी तुमचा कोण?”

“आमच्याकडे पाण्याचे जार आणायचा.”

“तारखेला आला नाही तर पंधरा हजार तुमच्याकडून वसूल होतील. कल्पना आहे?”

म्हटलं, “आहे मॅडम. मी लोकांना हेच सांगत आले.” त्यांना ते कळलं नसावं. सही कुठे करायची ते शिपायानं बोटानं दाखवलं.

सुटकेचा आदेश जेलच्या दारावरच्या जामीनपेटीत ठरावीक वेळेच्या आत पडावा लागतो. पेटी उघडून गेली की उद्या. २०२१ च्या ऑक्टोबरात एका फार मोठ्या नटाच्या मुलाची आर्थर रोडमधली एक रात्र अशीच वाढली होती तेव्हा देशभर चर्चा झाली. आमचा आदेश अर्ध्या तासानं चुकला. चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईबरोबर मीही गेले. ठाण्याचं जेल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, मग मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, त्याचंच पुढे जेल झालं. अनंत कान्हेरेला १९ एप्रिल १९१० ला तिथंच फाशी दिलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. दर वर्षी त्या दिवशी हार घातले जातात, एक-दोनदा मीही गेलेय. तुलना करायची नाही, करूही नये. इतकंच, की त्या भिंतीकडे मी कायम इतिहास म्हणून बघत आले. आत या घडीला कुणाची तरी पोरं जेवायला बसली असतील हे मनात आलं नाही. तर, आमचा मुलगा मात्र तिथं नव्हताच. त्याला ठेवलं होतं ते जेल दूर, दोन रिक्षा आणि एक बस. आम्ही तिथं तीन तास कट्ट्यावर बसलो.

संध्याकाळी तो बाहेर आला. हातात एक प्लास्टिकची पिशवी, अंगावर अटकेच्या रात्रीचाच टी-शर्ट, आता सैल झालेला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्यानं माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला, सगळं रीतीप्रमाणे. मग आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे आलो आणि मागे बघितलं तर तो अलीकडेच उभा. रस्ता रिकामा होता. गाडी नाही, काही नाही. तो आमच्याकडे बघत नुसता उभा होता. आधी मला कळेना. मग आईनं हाक मारली, “चल की रे!” तेव्हा पाऊल उचललं. अडीच महिन्यांत कुणी ‘चल’ म्हटल्याशिवाय कुठं चालायचं नसतं, हे त्याच्या पायांना कळून गेलं होतं.

नंतर सरकारी खर्चाचा वकील घेतला, म्हणजे विधी सेवेकडून मिळालेली एक मुलगीच होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिनं फाईल उघडून पहिला प्रश्न विचारला, “जन्म कधीचा?” बारा हजारवाल्यानं न विचारलेला. आईनं पुन्हा गुलालाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, अल्पवयीन असल्याचा दावा कधीही करता येतो, निकालानंतरसुद्धा. पण कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, मग ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. गावात काही सापडतं का बघा.

बचावाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठा वकील आणि लाखाची फी येते. प्रत्यक्षात हा खर्च ठाणे ते जालना एसटीचा, दोघांचा, आणि दोन दिवसांच्या बुडालेल्या चार घरांच्या पगाराचा होता. या खेपेला खाडे कापले नाहीत, एवढं लिहू दे मला. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत नावच नव्हतं. बाळंतपण घरी झालेलं, सुईणीच्या हातानं, आणि नोंद करायला जाणारा बाप ठाण्यात मजुरीला. शाळेत जनरल रजिस्टर निघालं. तिनं त्या पानाचा फोटो काढून आणला. पानावर तेवीस नावं, त्यातल्या सतरा जणांचा जन्म १ जूनचा. वकीलबाईनं फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “अर्ज करू. पण आशा ठेवू नका.”

तलावपाळीला आमचा सकाळचा कट्टा आहे. फेरी कमी, गप्पा जास्त. मी हे सगळं तिथं बोलले तेव्हा सहा जणांपैकी तिघांचा पहिला प्रश्न एकच: पण तो खरंच निर्दोष आहे का?

आम्ही सगळे देणारी माणसं आहोत हो. कुणी वह्या वाटतं, कुणी अन्नदानाला देतं, एकजण दर वर्षी आदिवासी आश्रमशाळेला स्वेटर पाठवतात. त्या दानाबरोबर फोटो येतो, पोरांचे हसरे चेहरे येतात, आपण बरोबर जागी दिलं याची खात्री येते. इथं फोटो काढता येत नाही आणि खात्री तर त्याहून नाही. मोठ्या पैशाचंही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावले. त्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण, खेळ अशी नावं आहेत, आरोपीच्या बचावाचं नाव नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ १९९० पासून हे काम करतोय, जेलमध्ये, पोलीस ठाण्यात, कोर्टात समाजकार्यकर्ते ठेवून. आमच्या कट्ट्यावर सगळे शिकलेले, सगळे पेपर वाचणारे, आणि त्यांचं नाव एकालाच माहीत होतं. तो म्हणजे आमचा निवृत्त हवालदार.

हवालदारांनीच गुरुजींना गप्प केलं. आमच्यातले एकजण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, त्यांचं म्हणणं होतं, निर्दोष असेल तर मी पाच हजार देतो, नसेल तर एक रुपया नाही. हवालदार म्हणाले, “गुरुजी, ते ठरवायला कोर्ट आहे. तुम्ही तलावपाळीवर ठरवणार असाल तर मग कोर्ट कशाला? वकील दोघांनाही लागतो. ज्यानं केलंय त्याला जरा जास्तच.” मग थोडं थांबून म्हणाले, “पस्तीस वर्षं पोरं आत नेऊन सोडली मी. बाहेर येताना न्यायला कोण येतं ते बघायचं माझं काम नव्हतं.”

मी गुरुजींना मोबाइलवरचं ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तेवीस नावं वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी किती टाकले असतील. शे-दोनशे तर नक्की. पोराचं वर्ष वाचावं म्हणून टाकायचो.” दुसऱ्या दिवशी पाच हजारांचं पाकीट आणलं. अट काही बोलले नाहीत, आम्हीही विचारली नाही.

तशी आमची वही सुरू झाली. संस्था नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. सहा जणांची दरमहा ठरलेली रक्कम आणि मी हिशेबनीस, सवयीनं. दीड वर्षसुद्धा झालं नाही, पाच मुलं झाली. सगळी अठरा ते एकवीसमधली, सगळी कुणाच्या तरी कामवालीची, वॉचमनची, भाजीवालीची.

वहीत मोठे आकडे नाहीत. तारखेला जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी. नाझराकडे, म्हणजे कोर्टाच्या रोखपालाकडे, भरलेला रोख जामीन; कोर्टानं परवानगी दिली तर जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख भरून माणूस सोडवता येतो, आणि खटला संपला की पैसे परत मिळतात. झेरॉक्स. शिकाऊ लायसन्स. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पानावर एक जुना मोबाइल. सुटून आलेल्या मुलाचा फोन मुद्देमालात जमा असतो. आधार त्याच नंबरला जोडलेलं, बँकेचं खातं त्याच नंबरला, कामाचं ॲप त्याच नंबरला. ओटीपी येणार कुठे? सुटलेल्या मुलांना समुपदेशन हवं, व्यवसाय मार्गदर्शन हवं, सगळं खरं; त्याआधी सिम कार्ड हवं.

सरकारची योजनाही आहे. २०२३ मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी आणली. तेव्हाच्या नियमांत जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या, म्हणजे खटला न संपलेल्या, कैद्याला चाळीस हजारांपर्यंत, दंड भरता न आलेल्याला पंचवीस हजारांपर्यंत, देशभरासाठी वर्षाला वीस कोटी. चांगलीच आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशातल्या चार कैद्यांतले तीन कच्चे आहेत, आणि मी बघितलेल्या पाचांपैकी पैशाअभावी अडकलेले दोघेच होते. तिघं माणसाअभावी अडकले होते. रक्कम सरकार भरेल. ‘आरोपी तुमचा कोण’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस सरकार कुठून आणणार?

सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तेही सांगते. दुसरा मुलगा तुर्भ्याचा, नवी मुंबईत कंपनीत हेल्पर. त्याला आमच्यातले औषधाच्या दुकानवाले जामीन राहिले. दोन तारखा नीट आला, तिसरीला नाही. कोर्टानं अजामीनपात्र वॉरंट काढलं आणि दुकानवाल्यांना नोटीस आली, जामीनकीची रक्कम का जप्त करू नये. पोरगा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता, उचल आधीच घेतलेली, न जाऊन चालणार नव्हतं. हे त्यानं आम्हाला फोन करून सांगितलं असतं तर हजेरीमाफीचा अर्ज करता आला असता. त्याला वाटलं, तारीख काय, पुढची पडेल. तीन हजार भरावे लागले. मी त्याला फोनवर जे बोलले ते नोकरीत कुठल्या थकबाकीदाराला बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर वाटलं, त्याला मी मुळात कधी नीट सांगितलं होतं का, की तारीख चुकली की काय होतं? नव्हतं. जामीन दिला की आपलं काम झालं, असं मी धरून चालले होते. आता वहीत प्रत्येकाच्या पानावर पुढची तारीख लाल शाईनं आणि आदल्या दिवशी फोन.

आणखी एक, जे लिहायला नको वाटतंय. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला, तो जारवाला पोरगा पुन्हा नको. वॉचमनकडून सगळ्यांना कळलं होतं. आठ-दहा जण बोलले. मी कोर्टात शपथेवर त्याची जबाबदारी घेऊन आलेली बाई, त्या सभेत चहाचा कप हातात धरून बसून राहिले.

जारच्या एजन्सीनं त्याला घेतलं नाहीच. घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या ॲपवर चार दिवस ‘पडताळणी सुरू’ असं दिसत होतं, पाचव्या दिवशी नकार. शेवटी हवालदारांच्या भाच्यानं त्याला मंडप-डेकोरेशनच्या कामावर लावलं, रोजावर. वकीलबाई म्हणते, दोषी ठरला तरी १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, म्हणजे जेलऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा, एकविसाच्या आतल्या मुलाला जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर सरळ जेलमध्ये धाडता येत नाही, धाडायचं तर कोर्टाला कारण लिहावं लागतं. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात, त्यात घर, काम, वागणूक सगळं येतं. म्हणून मंडपवाल्याकडून मी दर महिन्याला हजेरीची चिठ्ठी सही करून घेते. मंडपवाला वैतागतो.

२०२५ मध्ये अनंत चतुर्दशी पुन्हा ६ सप्टेंबरलाच आली. एकोणीस वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख अशी परत जुळते, हे मला पंचांग चाळताना कळलं. सात तारखेला, रविवारी, दुपारी दारावर टकटक झाली. बेल नाही, कोपरानं. एका हातात आईनं दिलेला शिऱ्याचा डबा, दुसऱ्यात हेल्मेट. रात्रभर विसर्जनाची गडबड आणि सकाळपासून मंडप उतरवायचं काम, त्यामुळे डोळे लाल, केसांत गुलाल आणि हाताला सुतळीचे वळ.

“आईनं सांगितलंय, काकूंना आधी दे.”

मी वही काढली. त्याच्या पानावर वर जन्मतारीख लिहिलीय, १ जून, आणि खाली पेन्सिलीनं ७ सप्टेंबर. अर्जावर निकाल अजून नाही. म्हटलं, मंगळवारी तारीख आहे, मालकाला सांगितलंस का?

“सांगितलंय. अर्ध्या दिवसाचे कापणार म्हणाला.”

“कापू दे,” मी म्हटलं, आणि वहीत अर्धा दिवस मांडला.